वारा थोडा, पाणी फार

फिलिपिन्समध्ये वादळाला बहुतेक वेळा दोन नावं असतात. एक टोकियोहून येतं. वाऱ्याने ठरावीक वेग गाठला की जपानची हवामान संस्था आंतरराष्ट्रीय यादीतलं पुढचं नाव त्या वादळाला देते. दुसरं नाव मनिलाचं. पागासा ही फिलिपिन्सची हवामान संस्था आपल्या हद्दीत आलेल्या अगदी लेच्यापेच्या डिप्रेशनलाही घरचं नाव ठेवते, कारण नाव असलं की रेडिओवर ऐकलेली गोष्ट लक्षात राहते.

२०१८ सालच्या नाताळात प्रशांत महासागरावरून असंच एक डिप्रेशन आलं. पागासाने त्याला ‘उस्मान’ म्हटलं. टोकियोने नाव दिलंच नाही, कारण तेवढा जोर त्याला शेवटपर्यंत आला नाही. २८ डिसेंबरला ते सामार बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, बोरोंगानजवळ, जमिनीवर चढलं आणि लगेच विरत गेलं. दुसऱ्या दिवशी त्याचं नुसतं कमी दाबाचं क्षेत्र उरलं होतं. त्याच दोन दिवसांत समोरच्या बिकोल भागात आणि सामारमध्ये दरडी आणि पुरांनी दीडशेहून अधिक माणसं गेली. नंतर पागासाने ‘उस्मान’ हे नाव आपल्या यादीतून कायमचं काढलं आणि त्या जागी ‘उम्बेर्तो’ घातलं. नाव असं काढून टाकणं हा एरवी मोठ्या विध्वंसक वादळांच्या वाट्याला येणारा मान. इथे तो अशा वादळाला मिळाला, ज्याला आंतरराष्ट्रीय नाव मिळण्याइतकाही वारा नव्हता.

हे घडतं कसं, ते सावकाश पाहू. मला हा विषय महत्त्वाचा वाटतो, कारण आपणही बातम्या ऐकताना ‘चक्रीवादळ’ म्हटलं की कान टवकारतो आणि ‘कमी दाबाचा पट्टा’ म्हटलं की चहा प्यायला लागतो.

आधी ही प्रतवारी कशाची असते ते बघायला हवं. पागासाच्या मोजणीत ताशी ६१ किलोमीटरपर्यंत वारा असेल तर ते डिप्रेशन. ६२ ते ८८ असेल तर वादळ, ८९ ते ११७ तीव्र वादळ आणि ११८ च्या पुढे टायफून. आपल्या हवामान खात्याचे टप्पे थोडे वेगळे आहेत, पण तत्त्व तेच. नोव्हेंबर २००९ मध्ये अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आलेलं ‘फयान’ हे आपल्या शिडीवरच्या सर्वांत खालच्या पायरीचं चक्रीवादळ होतं. कोकणातले काही मच्छीमार त्या वादळातून घरी परतलेच नाहीत. म्हणजे खालची पायरी किती माणसं घेऊन जाऊ शकते, हे रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या मच्छीमारांच्या घरांना वेगळं सांगायला नको.

या सगळ्या पायऱ्या वाऱ्याच्या आहेत. त्यात पावसाचा एक मिलिमीटरही मोजलेला नाही. वारा मोजण्याला कारण आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वेग ताशी साठवरून एकशेवीसवर गेला की भिंतीवरचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. एकशेऐंशीला तो नऊपट झालेला असतो. छप्पर उडेल की नाही, माड मोडेल की नाही, हे सांगायला ही शिडी उत्तम आहे. पण डोंगर खचेल का, नदी पात्र सोडेल का, या प्रश्नांवर ती गप्प असते, कारण पाऊस वेगळ्या हिशोबाने पडतो.

त्या हिशोबासाठी वादळाचा गाभा डोळ्यांपुढे आणावा लागेल. समुद्रावरून उठलेली वाफ वर जाऊन थंड होते, तिचे थेंब होतात, आणि थेंब होताना वाफेतली उष्णता बाहेर पडते. त्याने भोवतालची हवा तापते, हलकी होते, आणखी वर चढते. खाली दाब घटतो आणि बाजूची हवा आत धाव घेते. हे चक्र घट्ट बसायचं तर तापलेल्या हवेचा खांब सरळ उभा राहायला हवा. आपल्या जुन्या स्वयंपाकघरातल्या मडक्यांच्या उतरंडीसारखा. एकावर एक मडकी नेमकी बसली तर उतरंड माणसाच्या उंचीएवढी जाते. वरच्या दोन मडक्यांना कोणी बाजूला ढकललं तर ती कोलमडते. वातावरणात हे ढकलणं खालच्या आणि वरच्या थरांतले वारे वेगवेगळ्या दिशांना किंवा वेगवेगळ्या वेगाने वाहत असले की होतं. खांब कलंडतो, उष्णता मध्यावर साठत नाही, दाब फारसा उतरत नाही, आणि वारा जोर धरत नाही.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. उतरंड मोडली म्हणून मडक्यांतलं पाणी नाहीसं होत नाही. वाऱ्याला सरळ खांब लागतो, पावसाला लागत नाही. पावसाला दोनच गोष्टी लागतात. भरपूर दमट हवा आणि तिला वर उचलणारं काहीतरी. वादळ विस्कटलं तरी त्याने समुद्रावरून ओढून आणलेली दमट हवा तिथेच असते, आणि बेटांवर तिला उचलायला डोंगर तयार उभे असतात.

आता हंगामाकडे येऊ. फिलिपिन्सच्या लोकांच्या बोलण्यात वर्षाचे दोन वारे आहेत. जून ते सप्टेंबरच्या सुमाराचा नैऋत्येचा वारा म्हणजे ‘हाबागात’, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा ईशान्येचा गार वारा म्हणजे ‘आमिहान’. हाबागात आपल्या मोसमी वाऱ्यांचाच भाऊ. तो देशाच्या पश्चिम बाजूला भिजवतो. आमिहान सायबेरियाकडच्या थंड, कोरड्या हवेतून निघतो, पण वाटेत त्याला उबदार समुद्र लागतो. तिथे तो पाणी पितो आणि देशाच्या पूर्व किनाऱ्यावर येऊन आदळतो.

सह्याद्री आठवला तर हे चित्र लगेच कळेल. जुलैत ढग पश्चिमेकडून येतात, घाटमाथ्यावर चढतात, कोकणात कोसळतात आणि पलीकडे माणदेश कोरडा राहतो. बिकोलमध्ये आणि पूर्व सामारमध्ये हाच प्रकार उलट्या दिशेने आणि उलट्या महिन्यात होतो. पाऊस पूर्वेकडून येतो, आणि वर्षातला सर्वांत ओला काळ डिसेंबरच्या आसपास असतो. कोरडा ऋतू असा तिथे नसतोच. आपल्याला डिसेंबर म्हणजे हुरडा आणि स्वेटर. तिथल्या डोंगराच्या दृष्टीने तो आपला जुलैअखेर आहे, माती आधीच तुडुंब प्यालेली.

अशा वेळी उशिराचं वादळ येतं. समुद्राचं पाणी डिसेंबरमध्येही सत्तावीस अंशांच्या वर असतं, म्हणून वादळ जन्मू शकतं. आमिहानचे झोत विषुववृत्ताकडच्या हवेला गिरकी द्यायलाही मदत करतात. २६ डिसेंबर २००१ रोजी ‘वामेई’ नावाचं वादळ सिंगापूरच्या शेजारी, विषुववृत्तापासून अवघ्या दीड अंशावर जन्मलं ते याच वाऱ्यामुळे. जिथे वादळ होऊच शकत नाही असं पुस्तकं सांगत होती तिथे. पण जो वारा जन्म देतो तोच पुढे गळाही दाबतो. आमिहानची तुलनेने कोरडी हवा वादळाच्या पोटात शिरते आणि वरच्या थरांतल्या वाऱ्यांशी आमिहानचं जमत नसल्याने उतरंड ढासळते. त्यामुळे ही डिसेंबरची वादळं पुष्कळदा अर्धवट वाढीची असतात.

उस्मानच्या वेळी यात आणखी एक पदर होता, आणि सगळ्या गोष्टीचं मर्म मला तिथेच दिसतं. उत्तरेकडून थंड हवा आली होती. थंड हवा जड असते. ती जमिनीलगत पाचरीसारखी घुसून बसते. वादळाने पूर्वेकडून आणलेली उबदार, दमट हवा तिच्याशी भिडली. ती जड हवेला हलवू शकत नाही, म्हणून तिच्या पाठीवर चढत जाते. म्हणजे डोंगराआधीच हवेचाच एक उतार तयार झाला, आणि मग खरा डोंगर. दोन वेळा उचललेल्या हवेने आपलं पाणी तिथेच टाकलं. ही पाचर जिथे होती तिथे पाऊस पडला. वादळाचा मध्य जिथे होता तिथेच तो पडेल असं नव्हतं. बोरोंगानपासून बिकोलमधलं तिवी सरळ रेषेत पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. मुंबई ते विजयदुर्ग म्हणा ना. टीव्हीवरच्या नकाशात वादळाचा भोवरा सामारवर दिसत होता आणि दरडी कोसळल्या त्या आल्बाय प्रांतातल्या तिवीत आणि कामारिनेस सूर प्रांतातल्या सान्यायमध्ये.

पावसाचं प्रमाण मिलिमीटरमध्ये सांगितलं की ते बोटभर वाटतं. म्हणून एकदा गणित करून बघावं. तीनशे मिलिमीटर पाऊस एका चौरस किलोमीटरवर पडला तर ते तीस कोटी लिटर पाणी होतं. दहा हजार लिटरचे तीस हजार टँकर. उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या गावात एका टँकरभोवती किती हंडे जमतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हा आकडा कळेल. आणि वादळ रेंगाळलं तर हे सगळं एकाच खोऱ्यात उतरतं.

पण एवढ्या पाण्याने माती खचते कशी? तिवी मालिनाव नावाच्या ज्वालामुखी डोंगराच्या पायथ्याशी आहे. ते गाव मातीच्या भांड्यांसाठी ओळखलं जातं. ज्या मातीपासून चांगली भांडी होतात ती चिकणमाती पाणी धरून ठेवते. उतारावर मातीचे कण एकमेकांना घट्ट रेटून असतात, त्या घर्षणावर सगळा थर टिकलेला असतो. कणांच्या फटींमध्ये पाणी भरत गेलं की ते कणांना आतून ढकलून दूर करायला लागतं. घर्षण घटतं आणि त्याच वेळी थराचं वजन वाढतं. खाली पाणी न मुरू देणारा खडक असेल तर ते त्या सांध्यावर साचतं. मग एका क्षणी अख्खा थर सुटतो. पुणे जिल्ह्यातलं माळीण ३० जुलै २०१४ च्या सकाळी गेलं आणि रायगडातलं तळिये २०२१ च्या जुलैत गेलं, त्यामागची मूळ यंत्रणा हीच होती. दोन्ही वेळी गावावरून कुठलंही चक्रीवादळ जात नव्हतं.

दरड शेवटच्या तासाच्या पावसाने पडली असं म्हटलं जातं. खरं तर ती आधीच्या दोन-तीन आठवड्यांची उधारी असते. कोरड्या डोंगरावर पडलेला तेवढाच पाऊस मुरून गेला असता. डिसेंबरच्या बिकोलमध्ये मुरायला जागाच उरली नव्हती.

आता माणसांकडे वळू. फिलिपिन्समध्ये इशाऱ्याची जुनी आणि सर्वांना तोंडपाठ असलेली पद्धत म्हणजे ‘सिग्नल’. सिग्नल एक, सिग्नल दोन, असे चढते क्रमांक. शाळा बंद ठेवायची की नाही, बोट सोडायची की नाही, बरांगाय म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखा सर्वांत खालचा घटक, त्याच्या प्रमुखाने लोकांना हलवायचं की नाही, हे सगळं त्या आकड्यावर ठरत आलं. हा आकडाही वाऱ्याचाच. उस्मान विरायला लागलं तसा तो आकडा खाली आला आणि मग निघून गेला. पाऊस मात्र तसाच चालू होता. बिकोलच्या आपत्ती निवारण अधिकाऱ्यांनीच नंतर सांगितलं की वादळ टायफूनच्या दर्जाचं नाही म्हणून अनेकांनी ते मनावर घेतलं नाही.

मी लोकांना दोष देणार नाही. आठवडा कोणता होता ते पाहा. या कॅथलिक देशात नाताळचा सण सोळा डिसेंबरपासून नऊ पहाटेच्या प्रार्थनांनी सुरू होतो. नोकरीसाठी मनिलाला, आखातात किंवा जहाजांवर गेलेली माणसं घरी येतात. आपल्याकडे मर्चंट नेव्हीत असलेल्यांना विचारा, बरोबरचे फिलिपिनो खलाशी वर्षभर या एका आठवड्याचे दिवस मोजत असतात. ३० डिसेंबरला रिझाल दिनाची सुट्टी, मग नववर्ष. घरात पाहुणे, चुलीवर जेवण, आणि बाहेर वारा असा नाहीच. घर सोडून शाळेच्या वर्गात जाऊन झोपायला कोण तयार होईल? शिवाय वाऱ्याला आवाज असतो. पत्रे खडखडतात, माड घुमतात, पोरं रडतात, आणि माणूस आपोआप सावध होतो. संततधार पावसात मात्र झोप चांगली लागते.

बेटांवर आणखी एक अडचण असते ती बोटींची. लुझोन बेटाच्या शेपटाकडचं मात्नोग बंदर आणि समोर सामारवरचं ॲलन. मध्ये सान बेर्नार्दिनोची सामुद्रधुनी. मनिलाहून निघालेली बस मात्नोगला बोटीत चढते आणि पलीकडे उतरून पुढे जाते. म्हणजे हा महामार्गच, फक्त मध्ये पाणी असलेला. सिग्नल लागला की तटरक्षक दल बोटी अडवतं, आणि अडवायलाच हवं. जून २००८ मध्ये ‘प्रिन्सेस ऑफ द स्टार्स’ ही मोठी प्रवासी बोट वादळात सिबुयान बेटाजवळ उलटली आणि आठशेहून अधिक माणसं बुडाली, तेव्हापासून नियम अधिक कडक झाले. पण बोटी थांबल्या की बंदराच्या रस्त्यावर बस आणि ट्रकच्या रांगा लागतात. नाताळच्या आठवड्यात हजारो माणसं पोराबाळांसह बाकड्यांवर रात्री काढतात. ट्रकमधला भाजीपाला सडतो.

लहान बेटांवर तर हे जास्तच जाणवतं. अनेक ठिकाणी वीज डिझेल जनरेटरची, आणि डिझेल बोटीनेच येणार. गॅस, औषधं, तांदूळ, सगळं बोटीचं. मासेमारीची होडी, जिला ते ‘बांका’ म्हणतात, दोन्ही बाजूंना बांबूचे आधार असलेली अरुंद होडी असते. आमिहानच्या दिवसांत पूर्वेकडचा समुद्र आधीच खवळलेला, त्यात वादळाचे चार दिवस गेले की त्या घरात रोख पैसा येत नाही. बातम्यांत याला ‘किरकोळ वादळ’ म्हणतात. ज्याचं पोट रोजच्या जाळ्यावर आहे त्याला चार दिवस किरकोळ नसतात.

उस्मान हा अपवाद होता असंही नाही. ५ नोव्हेंबर १९९१ रोजी लेते बेटावरच्या ओर्मोक शहरात ‘उरिंग’ नावाचं वादळ आलं, तेही टायफूनच्या खालच्या पायरीचं. वरच्या डोंगरांवरचं जंगल उसासाठी आणि लाकडासाठी केव्हाच गेलं होतं. आनिलाव आणि मालबासाग या दोन छोट्या नद्यांमधून पाणी, चिखल आणि लाकूड एकदम खाली आलं. लाकूड पुलांपाशी अडकलं, पाणी तुंबलं आणि फुटलं. नदीच्या पात्रातच वसलेली इस्ला वेर्दे ही वस्ती जवळजवळ पुसली गेली. काही तासांत सुमारे पाच हजार माणसं मेली. २०१३ चा हैयान टायफून येईपर्यंत देशाच्या आधुनिक इतिहासातलं सर्वांत जीवघेणं वादळ हेच होतं. मग १६ डिसेंबर २०११ च्या रात्री मिंदानाओ बेटावरच्या कागायान दे ओरो आणि इलिगान या शहरांत ‘सेन्दोंग’. टायफून नव्हे, तरी बाराशेहून अधिक मृत्यू. आमच्या बेटाकडे वादळं येत नाहीत, असा मिंदानाओच्या लोकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास, आणि तो बऱ्याच अंशी खराही होता. कागायान दे ओरो नदीतल्या वाळूच्या बेटावर लोक घरं बांधून राहत होते. पाणी मध्यरात्री आलं.

ओर्मोकने पुढे जे केलं ते मला फार आवडतं. जपानच्या मदतीने त्या नद्यांवर वरच्या अंगाला खास बंधारे बांधले गेले. त्यांना मध्ये उभ्या फटी ठेवलेल्या असतात. रोजचं पाणी आणि बारीक गाळ फटींतून निघून जातो, आणि पुरात आलेले ओंडके व दगडधोंडे तिथेच अडतात. म्हणजे पाणी अडवायचंच नाही, पाण्याच्या हातातली काठी तेवढी काढून घ्यायची. पूल उंच आणि रुंद केले, पात्र मोकळं केलं. नंतरच्या मोठ्या पावसांत शहर वाचलं.

इशाऱ्यांमध्येही बदल झाले आहेत. पागासाने २०१२ पासून पावसाचे वेगळे रंगीत इशारे सुरू केले. तासाला साडेसात ते पंधरा मिलिमीटर असेल तर पिवळा, पंधरा ते तीस नारिंगी, त्यापुढे लाल. वादळाला नाव असो वा नसो, सिग्नल असो वा नसो. खाणी आणि भूशास्त्र विभाग दरडीचा धोका असलेल्या बरांगायांच्या याद्या काढतो. तरी उस्मान २०१८ सालचं आहे, रंगीत इशारे सुरू झाल्यानंतर सहा वर्षांनी आलेलं. बेटावरच्या घराघरांत आजही आधी एकच प्रश्न विचारला जातो, सिग्नल कितीचा?

त्या आकड्याऐवजी काय बघायचं, हे डोंगराखाली राहणाऱ्यांसाठी बिकोलमध्येही तेच आहे आणि महाड-पोलादपूरकडेही तेच. अंगणात किंवा उतारावर नवी भेग दिसते. दारं-खिडक्या अचानक अडकायला लागतात, कारण घराची चौकट किंचित कललेली असते. उभी झाडं किंवा विजेचे खांब झुकतात. जिथे कधी झरा नव्हता तिथून पाणी फुटतं. वहाळाचं पाणी एकदम गढूळ होतं. आणि वर पाऊस धो-धो चालू असताना तेच वहाळ अचानक आटलं, तर वर कुठेतरी दरडीने त्याचा गळा बांधला आहे आणि पाणी मागे साचतंय. अशा वेळी वहाळाच्या काठाकाठाने खाली पळायचं नाही. बाजूच्या उंच, पक्क्या जागेवर चढायचं, आणि सामान गोळा करायला थांबायचं नाही.